दीड तासावरचा काका

मुलांनो, एक संत्रं घ्या. हाताशी नसेल तर मनातलं घ्या, चांगलं टपोरं, नागपुरी. त्याच्या पोटावर, मध्यापेक्षा जरा वर, शाईने एक ठिपका काढा. ते आपलं नागपूर. आता संत्रं फिरवा आणि जवळजवळ पाठीमागे, देठाच्या बाजूला सरकून, दुसरा ठिपका काढा. ते कॅनडातलं व्हँकुव्हर. सांगा पाहू, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायची सगळ्यांत जवळची वाट कोणती?

भिंतीवरचा नकाशा पाहणारा म्हणेल, सरळ पूर्वेला जावं, चीन-जपान ओलांडून, महासागरावरून. पण शिवणाचा दोरा दोन्ही ठिपक्यांवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप घसरतो आणि थेट देठाजवळून जातो. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी संत्र्यासारखी गोल, म्हणून डोळा फसतो, दोरा फसत नाही. या वाटेने नागपूर ते व्हँकुव्हर अंतर बारा हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. विमान कितीही वेगवान झालं तरी हा आकडा बदलत नाही. बदलतो तो फक्त वेळ.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही मोठे झाला आहात, तुमची मुलं सहावीत आहेत आणि नागपूरहून 'चिपरी' सुटते आहे.

तळ्याकाठी बसून तुम्ही कधी भाकऱ्या काढल्या असतील. चपटी चिपरी तिरकी भिरकावली की ती पाण्यात न बुडता टप्पे घेत पलीकडे जाते. आपल्यावरच्या हवेचंही एक तळंच आहे. खाली दाट, वर विरळ, आणि खूप उंचावर जवळजवळ काहीच नाही. हे नवं विमान रॉकेटच्या जोराने त्या तळ्याच्याही वर जातं, मग इंजिन बंद करून तिरकं खाली येतं, दाट हवेवर पोट आपटतं आणि पुन्हा वर उडतं. असे टप्पे घेत घेत ते व्हँकुव्हरला पोचतं दीड तासात. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, लोक मात्र चिपरीच म्हणायचे. एकच अडचण होती. घरासमोरच्या डबक्यात भाकऱ्या निघत नाहीत, त्याला तळंच लागतं. तशी चिपरीला जवळची गावं जमायची नाहीत. उंच चढून खाली येईतो गाव मागे पडायचं.

त्यामुळे झालं काय, की लांबचं जवळ आलं आणि जवळचं होतं तिथेच राहिलं.

मंजिरी लांजेवार ही अशा काळातली मुलगी. ती तीन वर्षांची असताना तिचे आईबाबा पुरात गेले आणि कुंदाआत्याने तिला वाढवलं. आत्याची भातगिरणी होती, गडचिरोली जिल्ह्यात अहेरीच्याही पुढे, नदीपलीकडच्या कोसमटोल्यात. मंजिरीला नागपूरच्या विज्ञान शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा आत्या तिला घेऊन पहाटेच्या एसटीने निघाली. स्टँडवर गर्दी होती. आत्याने बस थांबायच्या आतच खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकला आणि सावकाश दाराकडे वळली.

"तो रुमाल कुणी उचलून फेकला तर?" मंजिरीने विचारलं.

"कोणी फेकत नाही," आत्या म्हणाली. "आणि आपण टाकला तर आपणही ती जागा सोडायची नाही. रुमाल टाकला म्हणजे शब्द देला."

वसतिगृहाच्या वासनिक मॅडम शिस्तीच्या, पण प्रेमळ. तिथला नियम असा, की प्रत्येक मुलीला एक स्थानिक पालक हवा. मुलगी बाहेर जाईल ती त्याच्याच सोबत, आणि निरोप मिळाल्यावर त्याला तीन तासांत पोचता आलं पाहिजे. फोनवरून चालायचं नाही. तोवर कुणाचाही आवाज आणि चेहरा हुबेहूब नकली बनवता येऊ लागला होता, म्हणून माणूस स्वतः समोर हजर लागायचा. मॅडमनी कोसमटोल्याचं नाव पालक तपासणाऱ्या यंत्राला सांगितलं. यंत्राने सात तास दाखवले आणि नकार दिला. मग आत्याने आपल्या धाकट्या भावाचं, केदारचं नाव सांगितलं. तो व्हँकुव्हरच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायचा. यंत्राने दीड तास उड्डाणाचा आणि पुढचामागचा तास धरला आणि लगेच हिरवा दिवा लावला.

आत्या त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिली. "म्हणजे मॅडम, भाऊ इथला झाला आणि मी परदेशातली," ती म्हणाली. मॅडम हसल्या, पण नियम तो नियम.

केदारकाका काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. तो दर शनिवारी यायचा. येताना तिकडची निळी बोरं, म्हणजे ब्लूबेरी, आणायचा, मंजिरीला फुटाळ्याच्या तळ्यावर न्यायचा, तिचे गणिताचे प्रश्न ऐकायचा आणि संध्याकाळी परत चिपरीत बसायचा. मंजिरीला तो फार आवडायचा. पण तिच्या मनात एक सल होता. चिपरी नव्हती तेव्हा काकाला यायला दोन दिवस लागायचे. एवढ्या लांबून आलेला माणूस लगेच कसा परतणार? मग तो महिनाभर राहायचा, आणि राहायचा कोसमटोल्यात. आत्याच्या गिरणीचा पट्टा दुरुस्त करायचा, राखी बांधून घ्यायचा, नदीवर मंजिरीला भाकऱ्या काढायला शिकवायचा. आता तो दर आठवड्याला यायचा आणि चिपरी सुरू झाल्यापासूनच्या चार वर्षांत एकदाही बहिणीकडे गेला नव्हता.

काकाला एकदा कोसमटोल्याला न्यायचंच, असं मंजिरीने शाळेच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. तिने नागपंचमीला विचारलं, राखीला विचारलं, पोळ्याला विचारलं. काका दर वेळी घड्याळाकडे बघायचा. सात तास जायला, सात यायला, राहायला एक रात्र. एवढा वेळ कुठून काढू, म्हणायचा. फोनवर बहिणीलाही तेच ऐकवायचा, "ताई, तू फार लांब राहतेस गं." आत्या त्यावर गिरणी सुरू करायची वेळ झाली म्हणून फोन ठेवायची.

आणि काका नेणार नसेल तर मंजिरीलाही जाता येत नव्हतं. पालक तोच. पोळ्याला मुली घरोघरी गेल्या, मंजिरी काकाबरोबर हॉटेलात पुरणपोळी खाऊन आली. पुरणपोळी चांगली होती. पण शेजारच्या टेबलावरची पोरं आपला लाकडी नंदीबैल मिरवत होती, आणि तिचा बैल कोसमटोल्यात फडताळावर होता.

भाद्रपद उजाडला आणि सूर्यावर एक मोठा स्फोट झाला.

हे जरा समजून घ्या. सूर्य अधूनमधून विजेने भारलेल्या कणांचा एक ढग अवकाशात फेकतो. तो पृथ्वीकडे आला, तर पृथ्वीचं चुंबकत्व ढालीसारखं आडवं येतं. पण या ढालीला दोन पातळ जागा आहेत, एक उत्तर ध्रुवाजवळ, एक दक्षिण. तिकडे हे कण खाली उतरतात. आकाशात हिरवे-तांबडे पडदे हलताना दिसतात, आणि त्या उंचीवरून जाणाऱ्या माणसांना धोका असतो. शिवाय वरची हवा तापून फुगते. म्हणजे तळ्याचं पाणी किती वर आलंय तेच कळत नाही, आणि अशा पाण्यावर चिपरी फेकायची कुणाची हिंमत होणार? आपला दोरा आठवतो ना? तो देठाजवळूनच गेला होता. उत्तरेकडचा मार्ग बेमुदत बंद झाला.

आपल्या भागात तसा धोका कमी होता. पण विजेच्या जाळ्याला धक्का बसू नये म्हणून शहराची वीज दिवसातून थोडाच वेळ चालू ठेवायचं ठरलं. वसतिगृहाचे पंप बंद पडले, टाक्या रिकाम्या होऊ लागल्या. शुक्रवारी सकाळी मॅडमनी मुलींना आठवडाभर घरी पाठवायचं जाहीर केलं.

दिवसभर पालक येत राहिले. वर्ध्याचे आले, भंडाऱ्याचे आले. मंजिरीच्या खोलीतल्या दोघी दुपारी गेल्या. मंजिरी ट्रंकेवर बसून फाटकाकडे बघत होती. काकाचा फोन लागत नव्हता. तिच्याबरोबर आणखी तिघी उरल्या होत्या, एकीचे वडील सिंगापूरला, एकीची मावशी लंडनला, एकीचा भाऊ नैरोबीत. सगळे हिरव्या दिव्याचे पालक. मॅडम येता-जाता त्यांच्याकडे बघायच्या आणि पुढे जायच्या.

ऊन कलताना फाटकातून एक बाई आत आली. पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. मंजिरी ट्रंकेवरून उठली आणि नुसती उभी राहिली. मग पळत सुटली.

आत्या कुणी बोलावलं म्हणून आली नव्हती. गुरुवारी सकाळी गिरणीवर रेडिओ चालू होता. उत्तरेकडचा मार्ग बंद, एवढंच तिने ऐकलं. उन्हाळ्यात मंजिरीने तिला बेलफळावर दोरा ताणून काकाची वाट दाखवली होती, ती आत्याच्या ध्यानात होती. देठाजवळची वाट बंद म्हणजे केदार येणार नाही, आणि केदार येणार नाही म्हणजे पोर एकटी, हा हिशेब तिने भात कांडता कांडता केला आणि गिरणी थांबवली. नदीला पूर होता, पुलावरून पाणी चाललं होतं. पलीकडे न्यायला डोंगा मिळेपर्यंत दुसरी सकाळ झाली. पुढे जीप, पुढे एसटी.

"काहून इतकी वाळली गं?" एवढंच ती मंजिरीला म्हणाली.

वासनिक मॅडमची मात्र पंचाईत झाली. कुंदाबाईंचं नाव पालक म्हणून नव्हतं. आज ओळखीच्या बाईसाठी नियम वाकवला तर उद्या अनोळखी माणसासाठीही वाकेल, आणि मग एखादी मुलगी भलत्याच्या हाती जाईल, असं त्यांनी शांतपणे समजावलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि गाठोडं खाली ठेवलं.

"ठीक आहे. पोरगी मला देऊ नका," ती म्हणाली. "पण मला ठेवून घ्यायला तर तुमचा नियम आडवा येत नाही ना?"

मॅडमनी नियम मनातल्या मनात पुढून मागून तपासला. तसं कुठेच म्हटलेलं नव्हतं.

अशी आत्या वसतिगृहात राहिली. अंगणात तीन दगड मांडून तिने चूल केली. मागच्या विहिरीवरची जाळी माळीकाकांनी काढून दिली, मुलींनी आळीपाळीने दोर ओढला. हात सोलवटले तेव्हा आत्या म्हणाली की शहरात राहून हात पापडासारखे झाले आहेत, आणि मुली चिडून आणखी जोरात ओढायला लागल्या. कोसमटोल्याच्या तांदळाचा भात झाला. लंडनवाल्या मावशीची भाची तीनदा वाढून घेऊन जेवली. मॅडमही पंगतीला बसल्या.

जेवणं झाल्यावर मंजिरी मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. दिवसभर ती मनात काहीतरी जुळवत होती.

"मॅडम, तुमचं यंत्र एक प्रश्न चुकीचा विचारतं," ती म्हणाली.

मॅडमनी कोणता ते विचारलं.

"ते विचारतं, हा माणूस किती लवकर येऊ शकतो. सगळं नीट असेल तर किती लवकर. पण सगळं नीट असेल तेव्हा आम्हाला पालक लागतच नाही. लागतो तो सगळं बिघडल्यावर. मग बिघडल्यावर किती वेळ लागेल, ते विचारायला नको का?"

मॅडमनी तिला शेजारी बसवलं. मग हळूच म्हणाल्या, की आज दुपारपासून त्या चार ट्रंकांकडे बघून त्यांच्याही मनात असंच काहीतरी येत होतं, फक्त त्यांना ते असं मांडता आलं नसतं. नियम बदलणं त्यांच्या एकटीच्या हातात नव्हतं. संचालकांच्या बैठकीत हा प्रश्न त्या मांडणार होत्या, आणि मांडताना तो मंजिरीचा आहे हेही सांगणार होत्या.

"म्हणजे आत्या पालक होईल?"

"एकाच्या जागी दोन पालक ठेवा, असं मी म्हणणार आहे. एक लवकर येणारा आणि एक नक्की येणारा."

मंजिरीला हे पटलं, पण पुरलं नाही. कारण तिला काका लवकर येणारा आणि आत्या नक्की येणारी अशी वाटणी नको होती.

शनिवार गेला. चिपरी येणार नव्हती, काकाचा पत्ता नव्हता. मंजिरी सारखी फाटकाकडे बघत होती, म्हणून आत्याने तिला तांदूळ निवडायला बसवलं.

रविवारी दुपारी फाटकाशी एक माणूस उभा दिसला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, बॅगेचा पट्टा तुटून गाठ मारलेला, गळ्यात या उकाड्यातही लोकरी मफलर. मंजिरीने आधी ओळखलंच नाही.

काका जुन्या विमानांनी आला होता. ती खालून, दक्षिणेच्या आडवाटेने उडत होती आणि फार थोडी उरली होती. व्हँकुव्हरहून होनोलुलू, तिथे बाकावर झोप, मग मनिला, मग सिंगापूर, मग हैदराबाद, आणि हैदराबादहून पुढे संत्र्यांच्या रिकाम्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी. बातमी ऐकली तसा तो निघाला होता. फोन करायला थांबला असता तर पहिलं विमान चुकलं असतं, आणि पुढे वाटेत फोन लागेना, म्हणाला. दोऱ्याच्या बारा हजार किलोमीटरांहून कितीतरी लांब वाट चार वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या अंगावर नीट उमटली होती.

अंगणात चुलीपाशी बसलेली बहीण त्याला दिसली आणि तो तिथेच थबकला. चार वर्षांत तिचे केस बरेच पांढरे झाले होते. फोनच्या पडद्यावर ते कधी दिसले नव्हते.

आत्याने फुंकणी खाली ठेवली. "आलास?" ती म्हणाली. "फार लांब राहतोस रे तू."

काकाने बॅग खाली ठेवली. त्याने वाकून तिला नमस्कार केला, तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मॅडमनी अंगठा घेतला, यंत्राने ओळख पटवली आणि मंजिरी रीतसर काकाच्या हवाली झाली.

तिघं गणेशपेठेच्या एसटी स्टँडवर आली. आत्याला संध्याकाळच्या आत अहेरीची बस धरायची होती. गिरणी बंद होती आणि गावचं भात खोळंबलं होतं. काकाने वाटेत बेत सांगितला. मंगळवारपर्यंत मार्ग उघडेल म्हणतात. तोवर तो आणि मंजिरी जवळच्या हॉटेलात राहतील, मग बघू. पुढच्या वेळी कोसमटोल्याला नक्की येऊ. दिवाळीला, किंवा दिवाळी झाल्यावर, जरा वेळ काढून. आत्या हो म्हणाली. तिने हा हो यापूर्वीही बऱ्याचदा म्हटला होता.

मंजिरीने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ती काकाकडे बघत होती. तीन समुद्र आडवाटेने ओलांडून आलेला हा माणूस उरलेल्या सात तासांपाशी येऊन पुन्हा घड्याळ बघत होता. काकाला माणसं नकोशी नव्हती, हे तिला आता पक्कं कळलं होतं. त्याचं फक्त मोजमाप बिघडलं होतं, त्या यंत्रासारखं. आणि यंत्राला समजावून सांगता येतं, काकाला तिने तीन सण समजावून पाहिलं होतं.

अहेरीची बस वळण घेऊन फलाटाकडे यायला लागली. वीज नसल्याने रेल्वेगाड्या थोड्याच होत्या, म्हणून सगळा जिल्हा स्टँडवर लोटला होता. लोक बॅगा सावरत बसच्या अंगावर धावले. आत्याने गाठोडं काखेत घेतलं आणि काकाने निरोपासाठी हात वर केला.

मंजिरीने हातातली पिशवी खाली ठेवली. गर्दीच्या कोपरांखालून वाकून ती बसच्या खिडकीपाशी पोचली, टाचा उंच केल्या आणि तिघांच्या बाकावर आधी आपला रुमाल टाकला. मागे वळून, पाठोपाठ आलेल्या आत्याच्या कमरेचा रुमाल घेतला, तोही टाकला. मग ती काकासमोर येऊन उभी राहिली. काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. त्याच्या गळ्यातला लोकरी मफलर दोन्ही हातांनी ओढून काढला, त्याची घट्ट गुंडाळी केली, आणि नदीवर चिपरी भिरकावतात तसा तिरका नेम धरून तो खिडकीतून तिसऱ्या जागेवर फेकला.